एकोणचाळीस दिवस हजर

"तुमच्या वेळी घरात मुलगा हवा होता का हो?"

नोकरीच्या पहिल्या दिवशी एका अनोळखी माणसाने मला हे विचारलं. रुजू होण्याचा माझा अर्ज मोठ्या बाईंच्या टेबलावर पडला होता, त्यांनी तो अजून वाचलाही नव्हता. हा उंच, वाळका माणूस खोलीत खुर्च्या रिकाम्या असताना भिंतीला टेकून उभा होता, आणि अर्जावरचं माझं नाव त्याने उलट्या बाजूने वाचलं होतं.

मी हबकलेच. कसंबसं म्हटलं, "माझ्या नावाचा अर्थ फार चांगला आहे."

"अर्थ नको. कारण सांगा. कोणी ठेवलं, का ठेवलं?"

"मला नाही माहीत."

"मग आईला विचारा," असं म्हणून ते वर्गावर निघून गेले. मोठ्या बाई, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, माझ्याकडे बघून म्हणाल्या, "लक्ष देऊ नका. सर तसेच आहेत."

त्या संध्याकाळी सेलवासमधल्या, टोकरखाड्यातल्या माझ्या भाड्याच्या खोलीतून मी चिपळूणला आईला फोन लावला आणि हसत हसत हा किस्सा सांगितला. पलीकडून हसू येईना. मग आई म्हणाली, "तुला कोणी सांगितलं हे?" माझ्या पाळण्यासाठी म्हणे मुलाचं नाव आधीच ठरलेलं होतं. मुलगी झाली म्हटल्यावर आत्याने त्याच नावाला जरा शेपूट जोडून तेच माझ्या कानात सांगितलं. माझं नाव मी इथे देत नाही ते त्यामुळेच. चोवीस वर्षं मी ते मिरवत होते आणि घरातल्या एकानेही मला हे सांगितलं नव्हतं. मी मुळातच पटकन हादरणारी बाई आहे, पाल दिसली तरी आख्खा मजला गोळा करते. त्या रात्री मला जेवण गेलं नाही, आणि या माणसाशी आयुष्यात बोलायचं नाही असं मी ठरवलं. ते चार दिवस टिकलं.

न बोलून भागणारच नव्हतं, कारण त्यांचा वर्ग माझ्या वर्गाला लागून होता आणि मधली भिंत नुसती नावाला होती. रोज सकाळी त्यांची हजेरी मला ऐकू यायची. हजेरी म्हणजे काय, तो एक सोहळाच असे. आम्ही बाकीचे खुर्चीत बसून, खाली मान घालून, पाच मिनिटांत पत्रक भरून मोकळे होत असू. सर हातात पत्रक घेऊन एकेका मुलापाशी जायचे. त्याच्या तोंडाकडे बघायचे, नाव घ्यायचे, तो "हजर" म्हणेपर्यंत थांबायचे आणि मग खूण करायचे. पन्नास मुलं होती. पहिला तास त्यातच संपायचा. मोठ्या बाईंनी दोनदा लेखी समज दिली होती. दोन्ही कागद सरांनी नीट घडी घालून ठेवले आणि हजेरी तशीच चालू ठेवली.

मूल गैरहजर असलं तर शाळा सुटल्यावर हे स्कूटर काढून त्याच्या घरी. खडोलीला, मसाटला, कारखान्यांच्या मागच्या चाळींतून फिरायचे. "ताप आहे का? गावाला गेलाय का?" आयाबायांना आधी वाटायचं, काहीतरी वसुलीचा माणूस आला. एकदा मी विचारलं, "सर, एक दिवस नाही आलं पोर तर एवढं काय?" तर माझ्याकडे असं बघितलं की जणू मी वाईटसाईट बोलले होते. आणि स्कूटरला किक मारली.

दुसरी गोष्ट म्हणजे त्यांची वही. जाडजूड, दुधाच्या पिशवीचं प्लास्टिक शिवून कव्हर घातलेली. नवीन दाखल झालेल्या प्रत्येक मुलाचं नाव तीत असे आणि पुढे एकच रकाना होता: नाव का ठेवलं. जूनमध्ये प्रवेशाच्या दिवसांत टेबलावर सर असले की रांग फाटकाबाहेर जायची. आमच्याकडे कंपनीतली माणसं पोरांना घेऊन यायची ती शिफ्ट सुटल्यावर किंवा शिफ्ट लागायच्या आधी. प्रत्येकाला घाई असे.

"नाव?"

"रोशनी, सर."

"का?"

धुळ्याकडचा एक बाप होता. डोळ्यांत झोप, अंगात कंपनीचा शर्ट. तो आधी चिडला. "का म्हंजे? चांगलं नाव शे ना, सर. लिव्हा लवकर, माझी सेकंड शिफ्ट लागेल."

"लिहितो. का ठेवलं तेवढं सांगा."

मग तो सांगायला लागला. मसाटच्या कंपनीत मशीनमध्ये त्याची बाही अडकली आणि हात आत जायला लागला, तेवढ्यात लाइट गेली. मशीन बंद पडलं. लोकांनी बाही कापून त्याला काढलं. दहा मिनिटांनी लाइट आली आणि घरून फोन आला, पोरगी झाली. "म्हणून रोशनी, सर." हे सांगताना त्याने तो हात दुसऱ्या हातात धरून ठेवला होता. मागच्या रांगेतली कुरकुर थांबली. सरांनी सगळं वहीत उतरवलं आणि म्हणाले, "आता बरोबर." त्या बापाची शिफ्ट बहुधा चुकलीच.

एका आईने सांगितलं, "आम्ही नाही ठेवलं. हॉस्पिटलात फॉर्म भरायचा होता. आम्हाला काही सुचेना, तर सिस्टरने स्वतःचं लिहून टाकलं." दुसरीने सांगितलं की पोराचं नाव सुपरवायझरचं आहे, सुपरवायझर माणूस वाईट आहे, पण त्याचं सगळं चांगलं चाललंय. सर हसायचे नाहीत. मी मात्र रोज नवा धक्का घेऊन घरी जायची.

शिक्षकांच्या खोलीत त्यांना कोणी जवळ करत नसे. एका सहकारी बाईंनी नातवाचे पेढे आणले होते. नाव असं काही ठेवलं होतं की दोनदा ऐकूनही मला म्हणता येईना. "मोबाइलवर बघितलं, देवाचा अंश असा अर्थ आहे," त्या म्हणाल्या.

"मोबाइल राहू दे. तुम्ही का ठेवलं?"

"माझ्या विहिणीला नको होतं म्हणून," त्या बाई बोलून गेल्या, आणि हातातल्या पेढ्याकडे बघत बसल्या. तीन दिवस त्या सरांशी बोलल्या नाहीत. खरं तर त्या कोणाशीच बोलल्या नाहीत.

मला वाटे, हा माणसांना उघडं पाडायचा छंद आहे. काहींना कोडी सोडवायचं वेड असतं, तसं यांना हे. माझा हा समज तीन वर्षं टिकला. सरांच्या निवृत्तीला पाच महिने उरले होते तेव्हा तो मोडला.

उन्हाळ्याच्या सुट्टीत कार्यालयात मी आणि शिपाई दोघंच होतो. खडोलीहून एक माणूस आला. चाळिशी ओलांडलेला, कंपनीत हेल्पर. बरोबर अठरा वर्षांची मुलगी. मुलगी चुणचुणीत होती, तीच बोलली.

"मॅडम, मला नर्सिंगला ॲडमिशन मिळालंय. जातीचा दाखला पाहिजे. कचेरीत बोलले, पप्पांचा शाळेचा जुना रेकॉर्ड लाव. पप्पा इथेच होते पहिलीत. पण आधी येऊन गेलो तर बोलले, असं नावच नाही रजिस्टरमध्ये."

"नाव काय?"

"शुक्कर लाडक्या. मी बुधी."

मी जुनं रजिस्टर काढलं. वर्ष अंदाजाने सांगितलं होतं त्यांनी. पान उघडलं आणि मला वाटलं चुकीच्या शाळेचं रजिस्टर हातात आलंय. आदिवासी पाड्यांवरची मुलं, बापांची नावं लाडक्या, काकड्या, देवजी, रडका. आणि मुलांची नावं मृणाल, निशिकांत, शरद, वासंती, हेमंत. एकेचाळीस मुलं, सगळी अशी. लाडक्या हे बापाचं नाव फक्त एकाच्या पुढे होतं. शरद लाडक्या, खडोली. शेवटच्या रकान्यात शेरा होता: "सतत गैरहजर. नाव कमी केले."

आणि अक्षर सरांचं होतं. ते ट चं लांब शेपूट मी रोज बघत होते. सगळ्या पानावर तेच अक्षर.

तीन वर्षं प्रत्येकाच्या नावाचं कारण विचारत फिरणाऱ्या माणसाने एका पानावर एकेचाळीस पोरांची नावं पुसून टाकली होती. मी त्या दोघांना बसवलं आणि सरांना फोन केला. म्हटलं, "खडोलीचा शुक्कर लाडक्या आलाय." ते एवढंच म्हणाले, "त्याला जाऊ देऊ नका."

अर्ध्या तासात आले. शुक्कर उठून उभा राहिला, "गुरुजी" म्हणाला. सर दारातच थांबले. माझ्या देखत हा माणूस पहिल्यांदाच खुर्चीवर बसला, तोही धप्पकन.

ते जे बोलले ते माझ्याकडे बघून बोलले, त्याच्याकडे बघायची त्यांची छाती होत नव्हती.

"तेवीस वर्षांचा होतो मी. नवा. चिपळूणकडचाच, तुमच्यासारखा. पटावरची नावं वाचली, सोम्या, बुध्या, शुक्कर, शनवार. म्हटलं ही काय नावं झाली? वारांची नावं लावून टाकलीयत पोरांना. नावांचं एक पुस्तक होतं माझ्याकडे, अर्थासकट. एका रविवारी बसून सगळा पट नव्याने लिहून काढला. मला वाटलं, केवढं मोठं काम केलं मी. सोमवारी सगळ्यांना नवी नावं वाटली. हा त्या दिवशी तापाने घरी होता."

"मग?"

"मग काय. मी मान खाली घालून हजेरी घ्यायचो. शरद म्हटलं की कोणी बोलायचं नाही. गैरहजरची खूण करायचो. हा पहिल्या रांगेत बसलेला असायचा, माझ्यासमोर. एकोणचाळीस दिवस. तेव्हाच्या मुख्याध्यापकांनी, मोठ्या गुरुजींनी, गैरहजर मुलांची नावं कमी करायला सांगितली, मी केली. ह्याला त्यांनी विचारलं, तुझं नाव पटावर आहे का? नाही. मग घरी जा. हा गेला."

बुधी बापाकडे बघत होती. तिलाही हे नवं होतं.

"पंधरा दिवसांनी हा मला रस्त्यात बकऱ्यांमागे दिसला. पोरं म्हणाली, गुरुजी, हाच शरद. मी घरी गेलो. हा मला बघून रानात पळाला. मोठे गुरुजी म्हणाले, रजिस्टरमधली खाडाखोड नोकरीवर येईल. मी कायम झालो नव्हतो. घाबरलो. गप्प बसलो." आणि मग पहिल्यांदाच त्याच्याकडे वळून म्हणाले, "तुला नवं नाव सांगायचं राहिलं रे. तू त्या दिवशी नव्हतास. तुला कळलंच नाही की मी तुलाच हाक मारतोय."

शुक्करने मान वर केली. मग म्हणाला, "मना ठावं होतं, गुरुजी."

"काय?"

"शरद म्हंजे मीच, ते. पोरांनी दुसऱ्याच दिशी सांगलेलं."

मी सरांकडे बघितलं. छत्तीस वर्षं त्यांनी जी चूक उराशी धरली होती, ती तशी झालीच नव्हती.

"मग ओ का नाही दिलीस?"

शुक्करने मुलीकडे बघितलं, मग जमिनीकडे. "तुम्ही कधी इचारलं नाय, शुक्कर का म्हणून. मी शुक्करवारचा नाय. मंगळवारचा हाय. जन्मलो तवा रडायचा थांबत नव्हतो. दूध घेत नव्हतो. मरतो आता, असं बोलले सगळे. मग माझी आजी मेलेल्या माणसांची एकेक नावं घेत बसली. शुक्कर बोलली, तिच्या भावाचं नाव, तवा मी गप झालो. दूध पिलो. आजी सांगायची, तू ह्या नावावर राहिलास. दुसऱ्या कोणच्या नावाला ओ देऊ नको, नायतर जीव परत जाईल. मी सात वर्षांचा होतो, गुरुजी. तुम्ही शरद बोलायचे, मी तोंड दाबून बसायचो. रोज वाटायचं, आज तरी शुक्कर बोलतील."

मी तोंडावर पदर घेतला. रडूही येईना, इतकी मी सुन्न झाले होते. ते सात वर्षांचं पोर रोज शाळेत येत होतं, समोर बसत होतं, आपल्याच नावावर गैरहजेरी लागताना ऐकत होतं, आणि जीव जाईल या भीतीने ओठ आवळून बसत होतं. आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा येत होतं.

"हिला शाळेत घातली तवा मास्तर बोलले, बुधी काय नाव, चांगलं लिहितो," शुक्कर म्हणाला. "मी टेबलापासून हललो नाय. लिहिलं ते शिपायाकडून वाचून घेतलं, मग घरी गेलो."

सरांनी जबाब लिहून द्यायचं ठरवलं. हा शरद म्हणजेच शुक्कर, नाव मी माझ्या मनाने बदललं, आणि हजर मुलाला गैरहजर दाखवून मी त्याचं नाव कमी केलं. मोठ्या बाई धावत आल्या. "सर, पाच महिने राहिलेत. स्वतःच्या हाताने लिहून देताय? चौकशी लागेल. म्हणा ना, आठवत नाही. लोक काय म्हणतील?"

"बाई, मी पूर्वी एकदा गप्प बसलोय," सर म्हणाले. एवढंच.

जबाब दोन पानांचा झाला. त्यातलं एक वाक्य मला तोंडपाठ आहे: "मी या मुलास एकोणचाळीस दिवस गैरहजर मांडले. तो एकोणचाळीस दिवस हजर होता."

दाखला मिळाला, हे आधीच सांगून टाकते. बुधी आज नर्स आहे. चौकशीचे कागद वर्षभर इकडून तिकडे फिरले आणि थकून कुठेतरी बसले. पण मला सांगायचंय ते दाखला मिळायच्या आधीच्या पाच मिनिटांबद्दल.

आम्ही कचेरीत गेलो त्याच्या दुसऱ्याच दिवशी दुपारपर्यंत कॉलेजात दाखला द्यायचा होता. आम्ही चौघं सेलवासच्या कचेरीत सकाळपासून बसलो होतो. गर्दी मरणाची. दारात उभा राहून कारकून फाइलीवरचं नाव तीनदा पुकारायचा. तिसऱ्या हाकेलाही माणूस आला नाही की फाइल गठ्ठ्याच्या तळाशी. तळाची फाइल आज काही वर येणार नव्हती.

"शरद लाडक्या!"

आम्हाला कळायलाच एक क्षण लागला. अर्ज जुन्या रजिस्टरच्या नावाने चढला होता. शुक्कर ताठ झाला. जागचा हलला नाही.

"शरद लाडक्या, खडोली!"

बुधीने बापाचा हात धरला. "पप्पा. पप्पा, उठा ना." तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "प्लीज."

मीही म्हटलं, "अहो, तुम्हालाच बोलावतायत. एकदा ओ द्या. काही होत नाही." हे बोलले आणि माझी मलाच लाज वाटली.

कारकुनाने पुढची फाइल काखेत धरली आणि शेवटची हाक दिली. "शरद लाडक्या, है क्या कोई?"

शुक्करने मुलीकडे बघितलं. मग त्रेचाळीस वर्षांचा तो माणूस गुडघ्यांवर हात टेकून उठायला लागला. घाम कपाळावरून डोळ्यांत उतरत होता. पोरीसाठी तो आता ओ देणार होता. त्याने तोंड उघडलं.

"थांब!" सर एवढ्या जोरात ओरडले की सगळी कचेरी वळली. "ओ देऊ नकोस!"

त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला खाली बसवलं आणि माणसं बाजूला करत कारकुनापाशी गेले.

"आत जबाब आहे. दुसरं पान काढा. तिथे याचं नाव लिहिलंय. त्या नावाने बोलवा."

"अरे सर, फाइल पे जो है वही बोलूंगा ना मैं. टाइम खोटी मत करो."

"फाइलवर आहे ते मी लिहिलं होतं. ते खोटं आहे. तुम्ही खरं वाचेपर्यंत मी इथून हलणार नाही."

मागून लोक ओरडायला लागले. कोणी गुजरातीत शिव्या घातल्या. सर दाराच्या चौकटीत उभे राहिले ते राहिलेच. शेवटी कारकुनाने वैतागून पानं उलटली, बोट लावून वाचलं आणि कोणावर तरी राग काढल्यासारखा ओरडला, "शुक्कर लाडक्या!"

शुक्कर उठला. कारकुनाकडे त्याने बघितलंच नाही.

"हजर, गुरुजी," तो म्हणाला.

सरांच्या हातात ती दुधाच्या पिशवीच्या कव्हरची वही होती. पेन खिशातच राहिलं होतं. त्यांनी त्याच्या तोंडाकडे बघितलं, आणि मग वहीच्या कव्हरवर नुसत्या बोटाने हजेरीची खूण केली.